पटाची वेळ अंगठ्यावर सोडू नका

भिवापूर, उमरेड, नागभीड, पवनी या आपल्या पट्ट्यात धानाची मळणी आटोपत आली की शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, पत्रकं निघू लागतात. पहिलं इनाम किती, दुसरं किती, उद्घाटन कोणाच्या हस्ते आणि रात्री नाटक कोणतं, सगळं ठळक अक्षरात छापलेलं असतं. वेळ कशाने मोजणार, हे मात्र बहुतेक वेळा विचारायचं राहून जातं. मोठ्या पटांना बाहेरून यंत्र मागवणं परवडतं. लहान गावात रेघेवर एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, आणि लाखमोलाच्या जोडीचा निकाल त्याच्या अंगठ्यावर ठरतो. आपल्या भागातल्या पट समित्यांना, आयटीआय शिकलेल्या पोरांना आणि विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना माझं आवाहन आहे, की हे यंत्र या वर्षी गावातच बनवा. ते बनतं. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. संध्याकाळी वेळ देणारे तीन-चार हात आणि धीर लागतो.

आधी अंगठ्याचा हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने पळणारी जोडी सेकंदाला १० मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटर आणि शंभराव्या भागात १० सेंटिमीटर. डोळ्याला दिसल्यापासून बटन दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात जोडी दोन मीटर पुढे गेलेली असते. हा उशीर प्रत्येक जोडीला सारखाच झाला असता तर तक्रार नव्हती. पण तो कमी-जास्त होतो. घड्याळवाला सकाळी ताजा असतो, दुपारी तीनला त्याचे डोळे धुळीने चुरचुरत असतात. कधी तो जोडी येताना बघून आधीच दाबतो, कधी मागून ओरडा झाला की दचकतो. माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या बोटाला शंभरावा भाग धरता येत नाही. आणि निकाल तर आपण शंभराव्या भागावर लावतो.

एका शंभराव्या भागाने काय होतं, हे आपल्या देशाला चांगलं ठाऊक आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत आली आणि रुमानियाची क्रिस्टिना कोजोकारू ५५.४१ मध्ये. कांस्यपदक गेलं. पण भांडण झालं नाही, कारण मोजणारं यंत्र होतं आणि अंतिम रेषेचं छायाचित्र होतं. याउलट १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली १०० मीटर पोहण्याची शर्यत बघा. अमेरिकेच्या लान्स लार्सनला तीन घड्याळवाल्यांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ अशी वेळ दिली होती, तर ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला तिघांनीही ५५.२. तरीही पंचांनी सुवर्णपदक डेव्हिटला दिलं. त्या वादाची चर्चा आजही होते. ऑलिंपिकात असं होत असेल, तर आपल्या गावच्या पटात मालक लोक समितीच्या मंडपात घुसतात याचं नवल कशाला?

पण मला खरी काळजी मालकांच्या भांडणाची नाही, बैलांची आहे. वेळेवरून वाद झाला की समितीला सुचणारा सोपा तोडगा एकच, ‘चला, पुन्हा पळवू.’ नुकतीच जीव तोडून पळालेली जोडी, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत, आणि तिला परत सुटण्याच्या रेघेवर नेतात. चूक माणसाच्या बोटाची आणि दंड जनावराला. वेळ पक्की असेल तर पुन्हा पळवायचं कारणच उरत नाही. शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती जनावरांच्या हालांपायीच. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-तुतारीला मनाई या अटी आहेत म्हणूनच पट आहे. त्या कागदापुरत्या पाळणाऱ्या समितीने यंत्राच्या फंदात पडू नये. ज्यांना पट टिकवायचा आहे, त्यांच्यासाठी पुढचं लिहितो आहे.

सुरुवात शेतात करू नका, घरातल्या पाटावर करा. विलायतेत खाचेतून धावणाऱ्या विजेच्या चिमुकल्या मोटारींच्या शर्यतींचा एक जुना छंद आहे. ‘स्केलेक्स्ट्रिक’ नावाचा असा संच ब्रिटनमध्ये १९५७ साली निघाला आणि जगभर गेला. त्या छंदातली माणसं फेरीची वेळ मोजायचं यंत्र कितीतरी वर्षांपासून घरीच बनवतात. रुळाच्या वर एक दिवा, खाली एक प्रकाश ओळखणारा पुर्जा, मोटार मधून गेली की क्षणभर अंधार, आणि तो अंधार मोजणारी एक छोटी पाटी. आपल्याला नेमकं हेच हवं आहे, फक्त मोटारीच्या जागी जोडी आणि वीतभर रुळाच्या जागी धावपट्टी. म्हणून पहिले पंधरा दिवस पोरांनी फळी तिरपी लावावी, तिच्यावरून खेळण्यातली गाडी सोडावी आणि वर एक, खाली एक असे दोन किरण लावून वेळ मोजत बसावं. यंत्राचे सगळे दोष याच काळात कळतात, आणि तेव्हा मंडपात हजार माणसं ओरडत नसतात.

सामान नागपुरात सीताबर्डीला मिळतं. मेंदू म्हणून आर्डुइनोचा साधा बोर्ड पुरतो. ऊनो किंवा नॅनो, कोणताही. डोळा म्हणून पोरं बहुधा लाल लेझर आणि एलडीआर घेऊन येतील, कारण सगळे तेच शिकवतात. घेऊ नका. एलडीआर सुस्त असतो, उजेड-अंधाराचा बदल ओळखायला त्याला सेकंदाचे काही शंभरावे भाग लागतात, म्हणजे ज्यासाठी आपण हा खटाटोप करतो तेच हातचं जातं. शिवाय लेझर चुकून बैलाच्या किंवा रेघेवर वाकलेल्या पोराच्या डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते. त्यापेक्षा टीव्हीच्या रिमोटची युक्ती घ्या. रिमोट अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश पाठवतो आणि तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकवतो. समोरचा पुर्जा फक्त तेवढ्याच गतीने लुकलुकणारा प्रकाश ओळखतो, त्यामुळे उन्हाचा त्याला त्रास कमी होतो. दुकानात ‘टीएसओपी’ म्हणून मागा. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नेहमीचा टीएसओपी १७३८ सततच्या प्रकाशाला कंटाळून आंधळा होतो. तो रिमोटच्या तुटक इशाऱ्यांसाठी बनलेला आहे. म्हणून प्रकाश तुटक-तुटक पाठवा, किंवा सतत किरणासाठीच बनवलेला टीएसओपी ४०३८ शोधा. रिमोटचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मग किरण चालू आहे की नाही कसं कळणार? मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. बहुतेक मोबाईलवर, निदान पुढच्या कॅमेऱ्यात, तो जांभळट टिंबासारखा दिसतो. पटाच्या दिवशी पहाटे यंत्र तपासायची हीच सर्वांत सोपी रीत आहे.

उन्हाचा त्रास कमी होतो, संपत नाही. पौष-माघातला सूर्य दुपारनंतर खाली येतो आणि सरळ पुर्ज्यात शिरतो. म्हणून दिवा पश्चिमेला तोंड करून असेल आणि पुर्जा पूर्वेला, अशी मांडणी करा. पट्टी तशी नसेल तर निदान पुर्ज्याची पाठ मावळतीकडे येईल एवढं पाहा. पुर्जा वायरिंगच्या पीव्हीसी पाईपच्या वीतभर तुकड्यात आत सरकवून बसवा आणि पाईप आतून काळा करा. यावर खर्च जवळपास नाही, आणि फरक मोठा पडतो.

किरण किती उंचीवर ठेवायचा, याचं उत्तर गावातला एक बैल उभा करून मिळवा. पायांच्या उंचीवर ठेवला तर पाय मागे-पुढे असतात आणि किरण दहा वेळा तुटतो. शिंगांच्या उंचीवर ठेवला तर ज्याची शिंगं पुढे वळलेली त्याचा फायदा. छातीच्या उंचीवर ठेवा. आणि सुरुवातीचा व शेवटचा, दोन्ही किरण अगदी एकाच उंचीवर हवेत, म्हणजे जे अंग पहिला किरण तोडतं तेच बहुधा दुसराही तोडेल आणि फरक आपोआप कटतो. सुरुवातीचा किरण सुटण्याच्या रेघेपासून थोडा पुढे घ्या. झेंडी पडल्यावर जोडीने निघायला किती वेळ घेतला, हा धुरकऱ्याचा आणि बैलाचा प्रश्न. आपण धाव मोजतो आहोत.

दोन जोड्या शेजारी-शेजारी पळत असतील तर दोन्ही पट्ट्या ओलांडून एकच किरण चालणार नाही. कोण आलं हे त्याला कळत नाही. प्रत्येक पट्टीचा किरण वेगळा हवा, म्हणजे मधल्या जागेत काहीतरी उभं करावं लागेल. इथे लोखंडी अँगल किंवा पाईप कदापि नको. जोडी बिथरून मध्ये शिरली तर पोट फाटेल. बांबूची पातळ कमटी पुरे, ठोकर लागली की मोडेल अशी, आणि तीही पोत्याने गुंडाळलेली. बाहेरच्या बाजूचे खांब मात्र चांगले हातभर गाडा आणि प्रेक्षकांच्या कठड्यापासून दूर ठेवा. लोक कठड्यावर रेलतात, कठडा हलतो, खांब हलतो आणि किरण पुर्ज्यावरून सरकतो.

पाखरू किंवा उडालेलं धसकट मध्ये आलं तर काय, हा प्रश्न समितीतला जाणता माणूस विचारेलच. त्याचं उत्तर यंत्राला शिकवायचं असतं. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा बैल किरण दीडशे-दोनशे मिलिसेकंद अडवतो. चिमणी दहा-पंधरा. म्हणून प्रोग्राममध्ये असं लिहा, की किरण सलग ५० मिलिसेकंद अडलेला राहिला तरच मानायचं, पण वेळ धरायची ती अडल्याच्या पहिल्या क्षणाची. त्यानंतर तीन-चार सेकंद त्या किरणाकडे लक्ष द्यायचं नाही, म्हणजे छकडी आणि मागून धावणारी माणसं हिशेबात येत नाहीत. आर्डुइनोमध्ये ‘मायक्रोज’ नावाचं फंक्शन सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात वेळ देतं, चार-चारच्या टप्प्याने. त्याचा आकडा साधारण सत्तर मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. वजाबाकी ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये केली तर निकाल चुकत नाही. ही ओळ गावातल्या शिकलेल्या पोराला दाखवा, त्याला कळेल.

तार जमिनीत पुरा. दोन्ही टोकांचे किरण एकाच बोर्डाला, म्हणजे एकाच घड्याळाला जोडलेले असणं हा या यंत्राचा प्राण आहे. बिनतारीचा मोह होतो, पण गर्दीत शेकडो मोबाईल असताना इशारा कधी लगेच पोचतो, कधी अडखळत, आणि तो अडखळणारा वेळ कोणाच्या तरी जोडीच्या माथी बसतो. लांब तारेवर पाच व्होल्टचा इशारा वाटेतच मरतो किंवा जनरेटरची गुणगुण त्यात मिसळते; दोन्ही टोकांना मॅक्स ४८५ ही स्वस्त चिप आणि पीळ दिलेल्या दोन तारा वापरा. वीज मोटरसायकलच्या बॅटरीवरून घ्या. जनरेटरवर डीजेही चालतो आणि यंत्रही, असं झालं की डीजेचा ठोका पडताना बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि वेळ पुसली जाते.

आता कसोटी. ज्याची कसोटी घेतली नाही ते यंत्र अंगठ्याहून वाईट, कारण त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. अनेक बोर्डांवर वेळ ठेवणारा पुर्जा क्रिस्टल नसून सिरॅमिकचा असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. आठ सेकंदांच्या धावेत ती चार शतांश झाली. एकाच यंत्राने सगळ्या जोड्या मोजल्या तर चूक सगळ्यांना सारखी, म्हणून क्रम बिघडत नाही. पण शेजारच्या गावच्या पटाशी तुलना कराल तर बिघडेल. तपासायला सोपं आहे. मोबाईलच्या घड्याळाशी लावून यंत्र दहा मिनिटं चालू ठेवा. ६०० सेकंदांत दोन-तीन सेकंदांचा फरक पडला तर प्रोग्राममध्ये तेवढी दुरुस्ती करा. दुसरी कसोटी शाळेत घ्या, पोरांसमोर. एक किरण वर, दुसरा त्याच्या बरोबर सव्वा मीटर खाली. लाकडाचा ठोकळा वरच्या किरणाला अगदी चिकटवून धरा आणि सोडा. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने त्याला खाली पोचायला ०.५०५ सेकंद लागायला हवेत. यंत्राने ०.५० किंवा ०.५१ दाखवलं तर गाडी रुळावर आहे. शाळेच्या पुस्तकातला नियम पटाच्या यंत्राला पास-नापास करतो हे जे पोर स्वतः बघेल, त्याला तो धडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

पाटीवर आकडा शंभराव्या भागापर्यंतच दाखवा. यंत्र हजारावा भाग देऊ शकतं म्हणून दाखवायचा नाही. कधी जोडीतला डावा बैल सुरुवातीला पुढे असतो आणि शेवटी उजवा. मान कधी वर असते, कधी खाली. एवढ्यानेच एक-दोन शतांशाचा फरक पडतो आणि त्यात कोणाचंही कर्तृत्व नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की दोन शतांशापर्यंतचा फरक बरोबरी धरावा आणि इनाम वाटून द्यावं. पुन्हा पळवू नये. हा नियम पत्रकावरच छापा, पटाच्या आदल्या रात्री ठरवू नका. बाजारातल्या दुकानांवर लाल अक्षरं सरकवणारी जी पाटी दिसते तिला पी-१० म्हणतात. तीच घेऊन लोकांकडे तोंड करून लावा. वेळ मंडपातल्या चार माणसांना आधी आणि लोकांना मागाहून कळली की संशय येतोच.

यंत्र आहे म्हणून घड्याळं घरी ठेवू नका. तीन माणसं तीन स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेघेवर उभी ठेवा. मैदानी खेळांचा जुना नियम आहे, की तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती घ्यायची, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली. यंत्र एखाद्या धावेला मुकं राहिलं तर हीच वेळ, दशांशापर्यंत, आणि तेही लगेच जाहीर करून. प्रत्येक धावेची यंत्राची वेळ आणि तिघांच्या वेळा एका वहीत त्याच क्षणी पेनने लिहा. खाडाखोड झाली तर रेघ मारून बाजूला सही करा.

पटाच्या दिवशी सकाळी सगळ्या जोड्यांच्या मालकांना यंत्राजवळ बोलवा. डबा उघडून दाखवा. त्यांच्यापैकी ज्याला वाटेल त्याने किरणातून पळत जाऊन बघावं, पाटीवर आकडा उमटतो की नाही. सगळ्यात जास्त शंका घेणाऱ्या मालकालाच कुलपाची किल्ली दिवसभर ठेवायला द्या. डबा त्यांच्यासमोर बंद झाला की मग झेंडी.

खर्चाचं विचाराल तर हे सगळं काही हजारांत बसतं, आणि त्यातला मोठा हिस्सा तारेचा असतो. समितीने एकटीने करण्यापेक्षा तीन-चार गावांनी मिळून एक यंत्र केलं तर उत्तम, कारण पट एका दिवशी सगळीकडे नसतात. जे पोर ते बनवेल, त्याच्या हातात पटाच्या दिवशी मानधन ठेवा, इतर पंचांना देता तसंच. ‘आपल्याच गावचा आहे’ म्हणून फुकट राबवू नका. तसं केलं की दुसऱ्या वर्षी तो पुण्याला कामाला गेलेला असतो आणि यंत्र समाजमंदिराच्या कोपऱ्यात.

आणि ते वर्षभर कोपऱ्यात पडू द्यायचं कारणही नाही. पहाटे पाचला भिवापूरच्या रस्त्यांवर जी पोरं-पोरी पळताना दिसतात, ती पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या मैदानी चाचणीत १०० मीटरला १५ गुण आहेत, मुलांच्या १६०० मीटरला आणि मुलींच्या ८०० मीटरला २०. गुण वेळेवर मिळतात, आणि ही मुलं सराव करतात मित्राच्या मोबाईलवर, म्हणजे पुन्हा अंगठ्यावर. दोन दशांशाने चुकलेल्या आकड्यावर विसंबून मुलगा वर्षभर खूश राहतो आणि खऱ्या मैदानात कळतं की गुण कमी आहेत. तेच दोन किरण शाळेच्या मैदानावर १०० मीटरवर लावा. मोठ्या धावेला एकच किरण रेघेवर पुरे. प्रत्येक फेरीची वेळ वेगळी दिसेल, कोणत्या फेरीत दम तुटतो तेही कळेल. मात्र एका वेळी एकालाच पळवा, कारण रेघ कोणी ओलांडली हे या किरणाला ओळखता येत नाही. खऱ्या भरतीत त्यासाठी अंगावर चिप लावतात. फक्त किरणाची उंची बदलायची, बैलाच्या छातीवरून माणसाच्या छातीवर आणायची, आणि शाळेच्या शिपायाकडे किल्ली कोणाकोणाला द्यायची याची यादी ठेवायची.